जुन्या २३०ई चं फ्युएल प्रेशर ३.४ बार दाखवतंय, पण मोजलंय नक्की कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८३ ची मर्सिडीज २३०ई, डब्ल्यू१२३ बॉडी, चार वर्षं शेडमध्ये उभी होती. आता चालू केलीय, सकाळी थंडीत पटकन स्टार्ट होते, गावात नीट चालते. पण पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीच्या चढाला गचके मारायला लागते, उचल खात नाही, बाजूला घेऊन पंधरा मिनिटं थांबलं की परत ठणठणीत. शिवाय चहाला थांबून परत निघताना गरम गाडीला बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. मिस्त्रीने गेज लावलं, ३.४ बार आलं, कुठेतरी ५ बार पाहिजे असं वाचलेलं होतं म्हणून पंप बदलला. पैसे गेले, गेजवर परत ३.४ च आणि गाडीची तक्रार जशीच्या तशी.

माझं अर्धं आयुष्य याच सिस्टिमवर गेलंय, आधी आखातात आणि मग इकडे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो कारण या एका आकड्यापायी लोक पंप, डिस्ट्रिब्युटर (म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटून देणारा, स्पार्कचा नव्हे) सगळं बदलत बसतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

तुमचं ३.४ बार बहुतेक बरोबरच आहे. कमी नाहीये. कारण ते सिस्टिम प्रेशर नाहीच, ते कंट्रोल प्रेशर आहे.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. तुमच्या गाडीत बॉशचं के-जेट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन आहे, १९७३ पासून आलेली सिस्टिम, पोर्शे ९११, व्होल्वो २४०, पहिली गोल्फ जीटीआय, सगळ्यांत हीच होती. इंजेक्टरला वायर नाही, इंजिन चालू आहे तोवर चारही इंजेक्टर सतत पेट्रोल फवारत असतात, किती फवारायचं हे हवेच्या जोरावर वर उचलली जाणारी एक थाळी आणि तिच्या दांड्यावर बसलेला प्लंजर ठरवतो. या सिस्टिममध्ये एक नाही, तीन प्रेशर असतात. पहिलं सिस्टिम प्रेशर, म्हणजे पंपाकडून डिस्ट्रिब्युटरला येणारं, साधारण ५ ते साडेपाच बार. दुसरं कंट्रोल प्रेशर, हे सिस्टिम प्रेशरमधूनच एका बारीक भोकातून काढलेलं असतं, ते प्लंजरच्या डोक्यावर दाब देतं आणि ते किती असावं हे वॉर्म-अप रेग्युलेटर ठरवतो. इंजिन थंड असताना हे दीड बारच्या आसपास किंवा त्याहून कमी, गरम झालं की ३.४ ते ३.८ बार. तिसरं रेस्ट प्रेशर, गाडी बंद केल्यावर लायनीत जे उरतं ते.

मिस्त्रीने बहुतेक काय केलं असणार, तर डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावरून वॉर्म-अप रेग्युलेटरला जाणारी जी लाइन आहे तिथे टी टाकून साधं गेज लावलं. तिथे गरम इंजिनावर ३.४ च येणार, नवा पंप लावला तरी ३.४ च येणार, कारण तो आकडा पंप ठरवतच नाही, रेग्युलेटर ठरवतो. त्या गेजच्या पुढे, रेग्युलेटरच्या बाजूला, एक बंद करायचा कॉक लागतो. कॉक उघडा असला की कंट्रोल प्रेशर दिसतं, बंद केला की पेट्रोलला पुढे जायला वाट नाही आणि काटा चढून सिस्टिम प्रेशरवर थांबतो. कॉकवालं गेज नसेल तर रेग्युलेटरला जाणारी लाइन सोडून डिस्ट्रिब्युटरच्या त्या मधल्या भोकावर थेट गेज बसवा, म्हणजे पुढे बंद तोंड मिळालं, तेच सिस्टिम प्रेशर. गेज ० ते १० बारचं चालेल, पण पेट्रोलला चालणारं आणि फिटिंग पक्कं पाहिजे, हवेच्या टायरचं गेज आणि जुबली क्लिप असला प्रकार इथे करू नका. पीएसआयवालं गेज असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, म्हणजे सिस्टिम प्रेशर ७२ ते ८० च्या दरम्यान दिसायला हवं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे उलटी समजली जाते. सिस्टिम प्रेशर कमी झालं तर गाडी लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, दम लागतो. पण कंट्रोल प्रेशर कमी झालं तर गाडी रिच होते, कारण प्लंजरच्या डोक्यावरचा दाब कमी झाला की तेवढ्याच हवेत थाळी जास्त वर जाते आणि पेट्रोल जास्त सुटतं. म्हणजे स्पार्क प्लग काळे, सायलेन्सरला वास, ॲव्हरेज पडलंय, आणि गेजवर गरम असताना २ बार दिसतंय, तर तिथे पंपाचा काही संबंध नाही, वॉर्म-अप रेग्युलेटर गरम होत नाहीये. त्यात एक हीटरची कॉइल असते आणि बायमेटलची पट्टी. रेग्युलेटरच्या वायरचा प्लग काढून मल्टीमीटर लावा, साधारण २० ते २५ ओहम यायला हवेत, उघडं सर्किट दाखवत असेल तर कॉइल गेली. कॉइल चांगली असेल तर प्लगमध्ये इंजिन चालू असताना १२ व्होल्ट येतायत का बघा. रेग्युलेटरवर बॉशचा नंबर कोरलेला असतो, ०४३८१४० ने सुरू होणारा, शेवटचे तीन आकडे महत्त्वाचे, कारण प्रत्येक मॉडेलचा थंड प्रेशरचा तक्ता वेगळा असतो. दुसऱ्या गाडीचा रेग्युलेटर दिसायला सारखा म्हणून बसवला तर जन्मभर ट्युनिंग करत बसाल. आणि त्यावरची पिन हातोडीने ठोकून प्रेशर बदलायचा जो उद्योग चालतो तो कृपा करून करू देऊ नका, निदान बाकी सगळं मोजून होईपर्यंत तरी नाही.

तुमच्या गाडीत मात्र मला हा भाग ठीक वाटतोय. थंडीत पटकन स्टार्ट होते, गावात चांगली चालते, गरम कंट्रोल प्रेशर ३.४. दुखणं दोन आहेत आणि दोन्ही वेगळी आहेत, एकात एक गुंतवू नका. चढावर दम लागतो हे पेट्रोल कमी पोचण्याचं लक्षण. गरम असताना स्टार्ट होत नाही हे रेस्ट प्रेशर न टिकण्याचं लक्षण.

कामाला हात लावायच्या आधी सेफ्टी. हे कार्बोरेटर नाही, तिथे पाव बार असतं, इथे ५ बार आहे, बॅन्जो बोल्ट (पेट्रोलची लाइन जोडणारा पोकळ बोल्ट) गरम इंजिनावर ढिला केला तर पेट्रोलची पिचकारी थेट एक्झॉस्टवर जाते. इंजिन थंड, जागा उघडी, बोल्टवर जाड फडका, अग्निशामक हाताशी आणि सोडलेल्या प्रत्येक बॅन्जोला नवे तांब्याचे वॉशर. जुना वॉशर परत लावून पाझर लागला तर तो दिसत नाही, वास येतो, आणि वास आला की गाडी चालवायची नाही. गाडीखाली लोंबणारा साधा बल्बचा दिवा पण नको, तो पडून फुटतो, बॅटरीवाला एलईडी घ्या.

आता दम लागण्याचं. याची खरी टेस्ट प्रेशरची नाहीच, ती डिलिव्हरीची आहे, म्हणजे पंप ठराविक वेळात किती पेट्रोल टाकतो. डिस्ट्रिब्युटरकडून टाकीकडे जाणारा रिटर्न पाइप सोडा, मोजमापाच्या कॅनमध्ये टाका, रिले काढून सॉकेटमध्ये फ्यूज लावलेल्या वायरने पंप थेट चालवा. रिलेवर बहुतेक वेळा ३० आणि ८७ असे आकडे असतात ते दोन जोडायचे, आकडे वेगळे असतील तर वायरिंग डायग्राम बघूनच जोडा, अंदाजाने नको. ४० सेकंदात एक लिटर तरी यायला हवं. इंजिन बंद असताना पंप असा चालू असेल तर हवेच्या थाळीला अजिबात हात लावायचा नाही, ती उचलली की इंजेक्टर सिलिंडरमध्ये पेट्रोल ओततात आणि मग सेल्फ मारताना इंजिनच अडकतं, कनेक्टिंग रॉड वाकलेले मी पाहिलेत.

पण ही टेस्ट कधी करायची हे महत्त्वाचं. सकाळी गॅरेजमध्ये थंड गाडीवर केली तर तुमची गाडी पास होईल, कारण दुखणं तेव्हा नसतंच. गाडी तासभर पळवा, दम लागायला लागला की आणा आणि लगेच प्रेशर आणि डिलिव्हरी घ्या. इंजिन गरम असल्यामुळे रिटर्न पाइप सोडताना दुप्पट काळजी, आधी थंड असतानाच तिथे सोडायला सोपं जाईल अशी क्लिप आणि लांब पाइप लावून ठेवा म्हणजे पिचकारी उडायचा प्रश्न येत नाही. थंड असताना एक लिटर आणि त्रास देताना अर्धा लिटर आलं की रोग सापडला, मग फक्त जागा शोधायची.

आणि जागा शोधायची टाकीपासून, इंजिनापासून नाही. माझा पहिला संशय टाकीतल्या जाळीवर आहे. या गाडीच्या टाकीच्या तळाला, पेट्रोल बाहेर पडतं तिथेच, एक उभी बारीक जाळी असते, बाहेरून मोठा नट दिसतो. चार वर्षं उभ्या गाडीत टाकीला आतून गंज आणि तळाला डिंकासारखा गाळ बसतो. गाडी पळताना पंप ओढतो, तो गंजाचा चुरा जाळीला येऊन चिकटतो, पेट्रोल कमी पडतं, गाडी गचके मारते. तुम्ही बाजूला थांबता, ओढ थांबते, चुरा जाळीवरून सुटून खाली बसतो, गाडी परत चांगली. तुमचं पंधरा मिनिटांचं गणित यात तंतोतंत बसतं. याची अजून एक खूण म्हणजे दम लागताना मागून पंपाची शिट्टी वाढते, कारण तो उपाशी चालतो. हा पंप पेट्रोलनेच थंड होतो आणि पेट्रोलनेच त्याचं वंगण होतं, त्यामुळे जाळी साफ न करता नवा पंप लावला असेल तर तोही फार दिवस टिकणार नाही, हे आधी करा. टाकी पूर्ण रिकामी करून नट काढा, जाळी बघा, आत टॉर्च मारा. तपकिरी चिखल दिसला तर नुसती जाळी धुऊन भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते, आणि त्यानंतर मेन फिल्टरही नवा, बाणाची दिशा बघून.

जाळीवर जायच्या आधी एक फुकटची टेस्ट आहे. दम लागला की गाडी बंद न करता बाजूला घ्या आणि पेट्रोलचं झाकण उघडा. सूऽऽ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायची वाट, चोक आहे, टाकीत व्हॅक्युम होतोय आणि पंपाला त्याच्याशी झगडावं लागतंय. उभ्या गाड्यांच्या व्हेंटच्या पाइपात कुंभारीण माशी घर करते, मातीचा अख्खा बूच बसतो. ही टेस्ट घाटात, ट्रकांच्या रांगेत करू नका, जागा बघून करा.

मग वीज. पंपाच्या टर्मिनलवर, पंप चालू असताना, व्होल्टेज मोजा. बॅटरीवर नाही, पंपावर. साडेअकराच्या खाली असेल तर डिलिव्हरी कमीच येणार, त्यात पंपाचा दोष नाही. या गाडीत सिरॅमिकचे बुलेट फ्यूज असतात, त्यांच्या टोकांना पांढरी बुरशी येते, तिथेच व्होल्ट अर्धा-एक पडतो. फ्यूज सगळे नवे टाका, क्लिपा घासा, पंपाची अर्थ वायर बॉडीला जिथे बसते तिथला गंज काढा. रिले उघडून सोल्डरचे जॉइंट भिंगाने बघा, पिनेभोवती गोल केसाएवढी चीर दिसते, गरम झालं की तिथला कॉन्टॅक्ट सुटतो. पण रिलेचा दोष असला तर गाडी सहसा एकदम बंद पडते आणि परत लागते, हळूहळू दम लागत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो माझ्या यादीत खाली आहे.

डिलिव्हरी भरपूर आणि सिस्टिम प्रेशर तरीही कमी, असं आलं तर मात्र डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला असलेला प्रेशर रेग्युलेटर. त्यात छोटा पिस्टन, स्प्रिंग आणि शिम म्हणजे पातळ चकत्या असतात, पिस्टनवरची ओ-रिंग कडक होते किंवा पिस्टन कचऱ्याने उघडा अडकतो. शिम वाढवली की प्रेशर वाढतं, हे खरंय, पण ओ-रिंग न बदलता शिम टाकून आकडा जुळवणं म्हणजे ताप न बघता थर्मामीटर बदलण्यासारखं आहे. डिलिव्हरीही कमी असेल तर मागे टाकीकडेच जायचं.

आता गरम स्टार्टिंग. गाडी बंद केल्यावर इंजिनाखालची उष्णता वर येते, लायनीतलं पेट्रोल तापतं. लायनीत प्रेशर टिकलेलं असेल तर ते द्रव राहतं, गेलेलं असेल तर वाफ होते आणि मग पंपाने ती वाफ ढकलून लाइन भरेपर्यंत तुम्ही सेल्फ मारत बसता. आपल्या उन्हाळ्यात हे जास्तच. टेस्ट सोपी आहे, गेज लावलेलं आहेच, कॉक उघडा ठेवून गाडी गरम करून बंद करा आणि घड्याळ बघा. बंद केल्याबरोबर काटा इंजेक्टर उघडायच्या प्रेशरच्या खाली, म्हणजे तीनच्या खाली येणार, ते बरोबर आहे, नाहीतर इंजेक्टर ठिबकले असते. पण दहा मिनिटांनी दोनच्या वर राहिला पाहिजे आणि अर्ध्या तासानेही शून्याला टेकता कामा नये.

पडत असेल तर गळती कुठून हे एकेक वाट बंद करून शोधायचं. गाडी बंद केल्याबरोबर गेजचा कॉक बंद करा, काटा टिकला तर गळती वॉर्म-अप रेग्युलेटरच्या बाजूने, म्हणजे गाडी बंद झाली की कंट्रोल सर्किटची परतीची वाट बंद करणारा जो छोटा वॉल्व प्रेशर रेग्युलेटरच्या तोंडाशी असतो तो धरत नाही. तरी पडला तर पुन्हा चालू करून बंद करा आणि लगेच रिटर्नचा रबरी पाइप चिमटीने दाबा. पंप चालू असताना तो दाबायचा नाही, प्रेशर कुठच्या कुठे जातं. आता टिकला तर प्रेशर रेग्युलेटरची ओ-रिंग. तरी पडला तर टाकी ते पंप मधला पाइप दाबा, टिकला तर पंपाच्या तोंडाचा चेक वॉल्व, म्हणजे पेट्रोल मागे फिरू न देणारा. तरीही पडला तर ॲक्युम्युलेटर, म्हणजे गाडी बंद झाल्यावर लायनीत प्रेशर धरून ठेवणारा डबा, त्याच्या मागच्या बाजूचा बारीक पाइप सोडून बघा, तिथून पेट्रोल आलं म्हणजे आतला पडदा फाटला, नवा टाकण्यावाचून उपाय नाही. सगळं दाबूनही पडत असेल तर कोल्ड स्टार्ट वॉल्व (थंड इंजिनाला स्टार्टिंगपुरतं जादा पेट्रोल देणारा) किंवा इंजेक्टर ठिबकतायत, काढून कोरडे पुसून बघायचे.

तुमच्या बाबतीत चेक वॉल्व आणि ॲक्युम्युलेटर हे दोनच मी आधी बघीन. नवा पंप कोणत्या मेकचा टाकलाय ते बघा, स्वस्तातल्या पंपांचे चेक वॉल्व पहिल्या दिवसापासून धरत नाहीत हे मी वारंवार पाहतो. हा वॉल्व वेगळा मिळतो, पंपाच्या तोंडाला स्क्रूसारखा बसतो, अख्खा पंप परत घ्यायची गरज नाही. जुन्या पंपाचा वॉल्व चांगला असेल तर तोच याच्यावर बसतो का बघा, आटे जुळले पाहिजेत.

चिमटीने दाबायच्या आधी मागचे सगळे रबरी पाइप नवे टाकून घ्या. चाळीस वर्षांचा पाइप दाबला की आतून चिरतो, टेस्ट करता करता नवी गळती तयार होते. नवे घेताना आर९ लिहिलेले, म्हणजे इंजेक्शनच्या प्रेशरला चालणारे घ्या. आपल्याकडे जून २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल झालं, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्केवालं पेट्रोल विकायला सुरुवात झाली, आणि आता बहुतेक सगळीकडे तेच मिळतं. १९८३ चं रबर यासाठी बनलेलं नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला डिंक सोडवून पुढे ढकलतं, त्यामुळे उभी राहिलेली गाडी नव्या पेट्रोलवर चालू केल्यानंतर महिनाभरात जाळी आणि फिल्टर चोक होणं हे आता नेहमीचं झालंय. मेन फिल्टर टाकी साफ केल्यावर एकदा आणि थोडं चालवून परत एकदा बदला, मग नेहमीच्या हिशोबाने. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या दमट हवेनेच गंज धरतो, कोकणात तर फारच.

इथेनॉलमुळे अजून एक होतं. त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलला मिश्रण थोडं लीन पडतं. तुमच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, ती आपोआप जुळवून घेऊ शकत नाही. सगळी प्रेशरं बरोबर आल्यानंतर सीओ मीटर (धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं) लावून मिक्श्चरचा स्क्रू किंचित रिचकडे घ्यावा लागेल. पण आधी नाही. प्रेशर चुकीचं असताना तो स्क्रू फिरवला की पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. तुमच्या मिस्त्रीने फिरवला असेल तर किती फिरवला ते विचारून घ्या.

हे सगळं एका दिवसात होत नाही, घाई करू नका. आधी झाकण उघडून बघा, मग पंपावरचं व्होल्टेज, मग टाकीची जाळी. त्यानंतर गेज कॉकसकट लावून मला एवढं कळवा: थंड इंजिनावर कंट्रोल प्रेशर, पण रेग्युलेटरचा प्लग काढून आणि पंप थेट चालवून घेतलेलं, त्या वेळी बाहेरचं तापमान किती होतं तेही, गरम कंट्रोल प्रेशर, कॉक बंद करून सिस्टिम प्रेशर, दहा आणि तीस मिनिटांचं रेस्ट प्रेशर, थंड आणि गरम दोन्ही वेळची डिलिव्हरी, आणि वॉर्म-अप रेग्युलेटरवरच्या नंबरचे शेवटचे तीन आकडे. जाळीचा फोटो पण टाका, उन्हात काढलेला, म्हणजे गंज आहे का डिंक ते ओळखता येईल, दोन्हीची साफसफाई वेगळी असते.